'ध'चा 'मा'

पुण्याच्या शनिवारवाड्याची एक आख्यायिका मराठी घरातले लहान मूलदेखील जाणते. 30 ऑगस्ट 1773 रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यापूर्वी पत्रातील 'धरावे' हा शब्द आनंदीबाईंनी 'मारावे' असा केला, असे लोक सांगतात. तिचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी पाहावा. पण मोडीतले एक अक्षर केवढा अनर्थ करू शकते, हे लोकांनी त्या गोष्टीत नेमके हेरले.

पेशवाईतील कोट्यवधी मोडी कागद पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले, तरी बहुतेक रुमाल वाचकाची वाट पाहत राहिले. वाचक मात्र मूठभर! म्हणून आता यंत्राला मोडी शिकविणे चालू आहे. 2025 मध्ये रूडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे प्रा. स्पर्श मित्तल व पुण्यातील काही विद्यार्थी यांनी दोन हजारांवर मोडी छायाचित्रे जमवून त्यांचे देवनागरी करणारी प्रणाली सादर केली.

हे काम केवळ डोळ्यांचे नव्हे. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढी आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. 'सुत' आणि 'सूत' दिसायला एकच. वारसाच्या कागदात पुत्र वाचायचा आणि कोष्ट्याच्या हिशेबात धागा, हे डोळा सांगत नाही, भाषा सांगते. म्हणूनच नव्या यंत्राला दृष्टी आणि भाषा दोन्ही दिल्या आहेत.

पुढचे यंत्र, ज्याला 'एजंट' म्हणतात, एवढ्यावर थांबणार नाही. त्याने पान वाचावे, त्यातले गाव ओळखावे, त्या गावाचे इतर कागद आपण होऊन शोधावेत, ताडून पाहावेत आणि विचारणाऱ्यास उत्तर द्यावे, अशी अपेक्षा आहे. जुन्या फडावरचा हुशार कारकूनच म्हणा ना! परंतु शाई फिकटली, कसरीने अक्षर खाल्ले, की हा कारकून भाषेच्या बळावर ती जागा भरून टाकतो. आणि वाक्य इतके सुबक उतरते की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. तेथे 'धरावे' बसते, तसे 'मारावे'ही बसते. 'येथे अक्षर लागत नाही' असे मोकळेपणाने लिहून ठेवण्याची सवय त्याला अद्याप पुरती जडलेली नाही.

मुरलेला मोडीवाचक अशा वेळी घाई करीत नाही. तो भिंग उचलतो, त्याच हाताने लिहिलेला दुसरा 'ध' वरच्या ओळींत शोधतो, आणि तेथे न मिळाल्यास रुमालातले पुढचे पान उलगडतो.