पोडावरच्या तीन लाटा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांत आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मी आशा सेविका म्हणून काम करते. कोरोनाच्या तिन्ही लाटांत मी त्याच घरांत फिरले. त्यामुळे विषाणूचा कोणता प्रकार जास्त घातक, अशी चर्चा निघाली की मला ती घरंच आठवतात.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. ताप मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन आम्ही दारोदार जायचो. पोडांवर रुग्ण तुरळक होते. जास्त त्रास व्हायचा तो म्हाताऱ्यांना आणि शुगर-बीपीच्या जुन्या रुग्णांना. घरात एक जण पॉझिटिव्ह आला तरी बाकीचे पुष्कळदा सुटायचे.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती-यवतमाळकडे रुग्ण एकाएकी वाढले. मार्चमध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन महत्त्वाचे बदल एकत्र असलेला विषाणू सापडला आहे. त्याच कुळातल्या एका शाखेला 31 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिलं, तोवर आमच्याकडची लाट ओसरायला लागली होती. त्या उन्हाळ्यात घरंच्या घरं आजारी पडली. तिशी-चाळिशीतली, कापसाच्या शेतात राबणारी धडधाकट माणसंही खाटेला खिळली.

एका घरी शेतकरी दादा बाजेवर बसून नीट बोलत होते. “आशाताई, नुसती कसर आहे. तुम्ही काहून घाबरून राहिल्या?” ऑक्सिमीटर 84 दाखवत होता. बोट बदललं, तरी तेच. फुप्फुसं सुजली तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून दम कोंडल्याचं माणसाला लवकर कळत नाही. मी गाडी मागवली. यवतमाळला ऑक्सिजन मिळाला म्हणून ते वाचले, पण त्या मृगात त्यांची पेरणी भावांनी केली. ब्रिटनमधल्या अभ्यासातही दिसलं, की आधीच्या अल्फा या प्रकारापेक्षा डेल्टाच्या रुग्णांना भरती करावं लागण्याचा धोका सुमारे दुप्पट होता.

जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉन आला. गल्लीच्या गल्ली एकदम खोकायला लागली. घसा धरायचा, अंग ठणकायचं आणि चार दिवसांत माणूस कामाला लागायचा. ऑक्सिजन बहुतेकांचा 97-98. “हा तं साधा पडसा,” असं लोक म्हणू लागले.

मला ते पटत नव्हतं. हा विषाणू श्वासनळीत झपाट्याने वाढतो आणि फुप्फुसात कमी, हे खरं. पण डेल्टाला भेटलेलं शरीर कोरं होतं. ओमायक्रॉन आला तेव्हा बहुतेकांना एकदा लागण झालेली होती किंवा लस मिळालेली होती. “सुई घेतली की माणूस मरते,” या भीतीने एका पोडावरच्या आजीने लस टाळली होती. तिचा ऑक्सिजन त्याच ‘साध्या’ लाटेत 90 वर आला. हाँगकाँगमध्ये 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे आधी साथ फारशी पसरली नव्हती, अनेक वृद्धांनी लस घेतली नव्हती, आणि ओमायक्रॉननेच त्यांचे बळी घेतले.

शिवाय हिशेब एका रुग्णाचा करून भागत नाही. हजार जणांना लागण होऊन दहा दगावले, असं धरू. दुसरा प्रकार निम्माच मारक, पण चार हजारांना गाठणारा असेल तर वीस दगावतील. आजार हलका आणि तरीही गावावरचं संकट दुप्पट!

म्हणून आता नव्या प्रकाराची बातमी आली आणि कुणी विचारलं, “ताई, हा जोरदार आहे का हलका?” तर मी आधी त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करते. लस झाली का, शुगरची गोळी चालू आहे का, रात्री गरज पडली तर गाडी कोणाची मिळेल. विषाणू कसा बदलेल, हे आपल्या हातात नाही. तो आपल्या दारात आल्यावर किती घात करेल, हे मात्र बऱ्याच अंशी आपणच आधी ठरवतो.