आधी जखम वाळू द्यावी

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हाताशी वेळ भरपूर होता आणि सल्ला देण्याची सवय त्याहून अधिक. वेळ सत्कारणी लावण्यासाठी पुण्याच्या घरी गॅलरीत मांसल पानांच्या, म्हणजे सक्युलंट झाडांच्या बारा कुंड्या आणल्या. त्यांत जेड होते, एचेव्हेरिया, हॅवर्थिया आणि आपली परिचित कोरफडही होती. सल्ल्यासाठी मात्र सांगलीचे घर होते. त्याच वर्षी माझ्या दोघा धाकट्या भावांनी वडिलांच्या कापड दुकानाची वाटणी करण्याचे ठरविले. घरात एम.कॉम. झालेला मी एकटा. त्यामुळे हिशेब मांडण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

हिशेब चुकला नाही. माल, उधारी, गाळा, सारे पैशापर्यंत जुळले. पण सह्या झाल्या त्या संध्याकाळी दोघे भाऊ एकमेकांशी न बोलता उठले. ते मला सहन होईना. दर रविवारी सांगली गाठायची, दोघांना समोरासमोर बसवायचे आणि समजूत घालायची, असा क्रम मी सुरू केला. प्रत्येक बैठकीत एखादी जुनी गोष्ट नव्याने निघे आणि मी परतताना दुरावा थोडा वाढलेलाच असे.

इकडे गॅलरीतही माझी निष्ठा तशीच होती. रोज सकाळी न चुकता पाणी. दोन महिन्यांत जेडची पाने पिवळी, पिचपिचीत होऊन गळू लागली. पाणी कमी पडले असे समजून मी ते वाढविले. अखेर कुंडी उचलून रोपवाटिकेतील वृद्ध माळ्याकडे नेली. त्यांनी झाड उपसून दाखविले. मुळे काळी पडून कुजली होती. ते म्हणाले, “साहेब, हे तहानेनं नाही मेलं, तुमच्या मायेनं मेलं.”

मग त्यांनी मला शहाणे केले. जेड मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, कोरड्या हवेतले. पाण्याचा साठा ते पानांतच ठेवते. त्याच्या पानांची छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. पान सुरकुतले तर झाडाला तहान लागली आहे. एका पाण्याने ते सावरते. पान पिचपिचीत झाले तर पाणी जास्त झाले आहे. आणि कुजलेले मूळ पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून मातीत काडी खुपसून पाहावी. ती खालपर्यंत कोरडी निघाली तरच पाणी घालावे. मातीत जाड वाळू आणि विटांचे तुकडे मिसळावेत, कुंडीला तळाशी भोक असावे आणि पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवावी.

झाडाच्या शेंड्याकडील एक फांदी अजून धड होती. ती त्यांनी स्वच्छ चाकूने कापून माझ्या हाती दिली. “घरी जाऊन लगेच लावतो,” मी म्हणालो. “आज नाही,” ते म्हणाले. “आठवडाभर सावलीत नुसती ठेवा. आधी जखम वाळू द्या. ओल्या जखमेनं मातीत गेली, तर तिथूनच कुजेल.”

फांदी वर्तमानपत्रावर ठेवली आणि मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. वाटणी म्हणजेही छाटच. मी मात्र सह्यांची शाई वाळण्यापूर्वीच ती ओल्या मातीत रोवायला निघालो होतो आणि वर दर रविवारी पाणी घालत होतो. त्या रविवारी मी सांगलीला गेलो नाही. पुढच्याही नाही. फोन केला तो फक्त प्रकृतीची विचारपूस करण्यासाठी.

आठवड्याने फांदीच्या टोकाला कोरडी खपली धरली. मग ती कोरड्या मातीत लावली आणि काही दिवसांनी थोडे पाणी दिले. महिन्याभराने हलकेच ओढून पाहिली. तिने माती धरली होती. एचेव्हेरियाची रोपे मी गळलेल्या पानांपासूनच करतो; आपल्या घरांत विनाकारण पान तोडताना हात थबकतो. देठाकडून अखंड असलेले पान मातीवर नुसते ठेवले की काही आठवड्यांत गुलाबी मुळे फुटतात. नवे रोप वाढत जाते, तसे मूळ पान सुरकुतत जाते.

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी धाकटा भाऊ आपले नवे दुकान उघडण्यापूर्वी जुन्या दुकानात गेला, वडिलांच्या तसबिरीला नमस्कार केला आणि मधल्याच्या हातचा पेढा खाऊन आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. मी तर तिथे नव्हतोच. व्यापार आजही वेगळाच आहे आणि तो तसाच राहील. पण आता दोघांची मुले दोन्ही दुकानांत जातात.

त्या फांदीचे झाड झाले. त्याची एक फांदी, रीतसर वाळवून, मी धाकट्याच्या दुकानात दाराशी, जिथे सकाळचे ऊन येते, तिथे लावून दिली. “दादा, पाणी किती घालायचं?” त्याने विचारले. मी सांगितले. एकदाच.