अजमानमधील मराठी मुले आणि कुमार व्हॉलीबॉलचा राष्ट्रीय संघ

व्हॉलीबॉलमधील कुमार राष्ट्रीय संघ हा वयोमर्यादेच्या नियमातून उभा राहणारा आणि साधारण दोन वर्षांत विसर्जित होणारा संघ असतो. अलीकडच्या क्रमानुसार आशियातील 18 वर्षांखालील मुलांची स्पर्धा सम वर्षात आणि 19 वर्षांखालील जागतिक स्पर्धा त्यापुढच्या विषम वर्षात होते, त्यामुळे आशियात पात्रता मिळवणारी मुलेच वर्षभराने मोठी होऊन जगाशी खेळतात. 2024 आणि 2025 मधील या दोन स्पर्धांसाठी 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतरचा जन्म ही अट होती. म्हणजे डिसेंबर 2006 मध्ये जन्मलेला मुलगा काही दिवसांच्या फरकाने बाहेर राहिला. डिसेंबर 2008 मध्ये जन्मलेल्या मुलाची अडचण अधिक सूक्ष्म आहे, कारण कागदावर तो पात्र असला तरी पंधराव्या वर्षी त्याला जवळजवळ दोन वर्षांनी मोठ्या मुलांच्या बरोबरीने जागा मिळवावी लागते, आणि दोन वर्षांनी मर्यादा पुढे सरकली की तो पुन्हा काही दिवसांनीच हुकतो. मुलाच्या गुणवत्तेचा विचार करण्यापूर्वी त्याचे जन्मवर्ष पाहावे लागते ते यासाठी.

या वयोगटाच्या इतिहासात संयुक्त अरब अमिरातींना आरंभापासून स्थान आहे. मुलांची पहिली जागतिक कुमार स्पर्धा 1989 मध्ये याच देशात झाली आणि ती सोव्हिएत संघाने जिंकली. भारताची या गटातील सर्वोच्च कामगिरी 2003 ची, थायलंडमधील जागतिक स्पर्धेत ब्राझीलपाठोपाठ मिळवलेल्या रौप्यपदकाची. त्यानंतर 2022 मध्ये तेहरान येथील आशियाई स्पर्धेत जपान आणि इराण यांच्या मागे भारतीय मुलांनी कांस्यपदक मिळवले. 21 वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा 2009 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली होती, परंतु त्या आयोजनातून महाराष्ट्रात खेळाडू घडवणारी टिकाऊ साखळी निर्माण झाली, असे म्हणता येत नाही.

अजमान हे सात अमिरातींपैकी सर्वांत लहान, सुमारे 260 चौरस किलोमीटरचे राज्य असून किनाऱ्यावरील शहराशिवाय मनामा आणि हजर पर्वतातील मसफूत हे त्याचे दोन तुकडे मुख्य भागापासून दूर आहेत. अमिरातींतील संघटित क्रीडा प्रामुख्याने क्लबांच्या आधाराने चालते. क्लब लहान वयाचे संघ बाळगतात आणि राष्ट्रीय निवड बहुतांशी त्यांतूनच होते. या क्लबांचे दरवाजे परदेशी कुटुंबांतील मुलांना दीर्घकाळ बंद होते. 2017-18 च्या सुमारास अध्यक्षीय निर्णयाने अमिराती मातांची मुले आणि देशात जन्मलेले रहिवासी यांना देशांतर्गत अधिकृत स्पर्धांत भाग घेण्याची मुभा मिळाली, ही मोठीच सुधारणा होय. तरीही देशांतर्गत स्पर्धा आणि राष्ट्रीय संघ यांत नागरिकत्वाची भिंत आहे, आणि अमिरातीत जन्म झाल्याने नागरिकत्व मिळत नाही. अजमानच्या रशिदिया किंवा नुऐमिया भागात वाढलेला मराठी मुलगा तेथील क्लबाकडून खेळू शकेल. राष्ट्रीय संघ मात्र त्याला भारताचाच उरतो. आंतरराष्ट्रीय महासंघ प्रत्येक खेळाडूची नोंद त्याच्या मूळ राष्ट्रीय महासंघाच्या नावे ठेवतो आणि ती बदलण्याची सवलत कठोर अटींवर, आयुष्यात एकदाच देतो, म्हणून पालकांनी पहिली नोंदणी कोठे होते याकडे दुर्लक्ष करू नये.

भारतीय संघाकडे जाणारी वाट अजमानमधून सुरू होते ती शाळेच्या मैदानावर. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजे सीबीएसईशी, संलग्न असलेल्या अमिरातींमधील शाळांसाठी क्लस्टर स्पर्धा घेतल्या जातात आणि त्यांतील विजेते भारतातील सीबीएसईच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. भारतीय महासंघाच्या वयोगट अजिंक्यपद स्पर्धा मात्र प्रामुख्याने राज्यांच्या संघांमध्ये होतात, आणि परदेशात राहणाऱ्या मुलाला राज्यच नसते. महाराष्ट्राच्या निवड चाचणीला हजर राहायचे तर शाळा बुडवून यावे लागते. निवासाच्या परवान्याचा प्रश्नही याच वयाशी निगडित होता, कारण पूर्वी अठरा पूर्ण झालेल्या मुलाला, तो शिकत नसेल तर, वडिलांच्या जामीनकीवर राहता येत नसे. 2022 च्या नव्या नियमांनी अविवाहित मुलासाठी ही मर्यादा 25 वर्षांपर्यंत नेली आहे.

नियमांची ही बाजू माहीत असूनही बहुतेक मुले मागे पडतात ती खेळाच्या चुकीच्या शिक्षणामुळे. कुमार मुलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात जाळे पुरुषांइतकेच, 2.43 मीटर उंचीचे असते, त्यामुळे प्रशिक्षकांचे लक्ष उंच मुलाकडे जाते आणि त्याला तेराव्या वर्षापासून फक्त स्मॅश मारायला लावले जाते. यात दुहेरी हानी होते. पहिली शरीराची. मुलांची उंची साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात मांडीच्या स्नायूंचा ताण गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाच्या वाढत्या भागावर येतो आणि अतिरिक्त उड्यांमुळे तेथे वेदनादायक उंचवटा निर्माण होतो, ज्याला वैद्यकशास्त्रात ऑसगूड-श्लॅटर विकार म्हणतात. कठीण सिमेंटच्या कोर्टवर, जे शाळांच्या आवारात सर्रास असते, हा धोका वाढतो. अजमानच्या किनाऱ्यावरील वाळू सरावाच्या काही भागासाठी त्याहून उपकारक आहे, आणि ती फुकट आहे.

दुसरी हानी कौशल्याची. सर्व्हिस घेण्यातली चूक थेट प्रतिस्पर्ध्याचा गुण ठरते, आणि म्हणून पहिला पास, म्हणजे आलेली सर्व्हिस दोन्ही हातांच्या कोपर ते मनगट या भागावर घेऊन सेटरच्या डोक्यावर अचूक पोहोचवणे, हा खेळाचा पाया आहे. सेटर, ज्याला आपल्याकडील मैदानांवर लिफ्टर म्हणतात, त्या पासवरून कोणाला चेंडू द्यायचा हे ठरवतो. पास बिघडला की कितीही उंच स्मॅशर असला तरी त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांच्या दोन खेळाडूंचा ब्लॉक तयार असतो. 1998 मध्ये जागतिक नियमांत आलेला लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाचा पोशाख घालून केवळ मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू, हाही याच गरजेचा परिणाम होय. बुटक्या मुलाला राष्ट्रीय संघाची जागा देऊ शकणारी ही प्रमुख भूमिका असूनही अमिरातींमधील भारतीय शाळांमध्ये तिच्यासाठी वेगळे प्रशिक्षण क्वचितच दिले जाते.

परंपरेचाही प्रश्न आहे. केरळच्या जिमी जॉर्ज याने 1979 ते 1982 या काळात अबू धाबीत क्लब व्हॉलीबॉल खेळून पुढे इटलीत व्यावसायिक कारकीर्द केली, आणि 1987 मध्ये तेथे अपघाती निधन झाल्यानंतर त्याच्या स्मरणार्थ अबू धाबीच्या केरळ सोशल सेंटरने स्पर्धा चालवली. मल्याळी मुलांना त्यामुळे अमिरातीतच आदर्श मिळाला. मराठी घरांत शनिवार-रविवार क्रिकेट अकादमीकडे जातो, आणि महाराष्ट्राच्या गावागावांत रुजलेले शूटिंगबॉल हे स्वतंत्र नियमांचे असल्याने त्यातील कौशल्य सहाजणांच्या आंतरराष्ट्रीय खेळात जसेच्या तसे कामी येत नाही.

अजमानमधील शाळा आणि पालक यांनी म्हणून बाराव्या वर्षापासून कमी उंचीच्या जाळ्यावर पास आणि सेटिंग शिकवावे, स्मॅशचा आग्रह पंधराव्या वर्षापर्यंत थांबवावा, जन्मवर्षाचे चक्र लक्षात घेऊन महाराष्ट्रातील निवड चाचणीची तारीख सुट्टीच्या आधीच विचारून ठेवावी, आणि क्लबाचे दार उघडे असेल तर मुलाला तेथे जरूर पाठवावे.