स्टिकचा तिरका कोपरा

डाव्या मनगटाला हल्ली स्टिकचा खालचा तिरका कोपरा वेळेवर सापडत नाही. पुढे, खाली, तिरका आणि पंच. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या शोर्युकेनची, म्हणजे खालून वर उसळणाऱ्या ठोशाची, ही चाल मला कधी आठवावी लागली नाही, ती हातालाच पाठ होती. आता समोरचा उडी मारतो, मला ते दिसतं, काय करायचं ते कळतं, हात निघतोही. पण तिरक्याच्या जागी नुसतंच खाली लागतं. माझा खेळाडू रियू खाली बसून एक साधा ठोसा मारतो आणि वरून येणारी लाथ खातो. अंगठ्याच्या मुळाशी शिरेला सूज आहे, विश्रांती द्या, असं डॉक्टर म्हणाले. विश्रांती दिली. सूज उतरली, पण कोपरा काही परत आला नाही.

या एका कोपऱ्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे, कारण माझं पोट आणि माझा तोरा, दोन्ही त्याच्यावर उभे होते. नव्वदच्या दशकात भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आसपास आणि पुढे मिरा रोडलाही जे व्हिडिओ गेम पार्लर होते, त्यांतल्या मशिनींची कामं मी करायचो. खेळायला बसायचो ते काम झाल्यावर, आणि काम नसलं तरीही.

स्टिक उघडली की खाली चार मायक्रोस्विच दिसतात: वर, खाली, डावा, उजवा. तिरक्यासाठी वेगळा स्विच नसतोच. दांडा दोन स्विचच्या मधोमध जाऊन दोघांनाही एकदमच दाबतो, तेव्हा तिरका लागतो. त्यामुळे दांड्याचा प्लास्टिकचा खालचा भाग झिजायला लागला की सगळ्यात आधी मरतो तो तिरका. सरळ दिशा चालू असतात, मालकाला मशीन ठीक वाटतं, आणि पोरं मात्र ओरडत असतात की पॉवर लागत नाही. मी पत्र्याच्या झाकणाखाली हात घालून दांडा सावकाश कोपऱ्यात न्यायचो आणि दोन टिकटिक ऐकायचो. दोन्ही जवळजवळ एकाच आवाजात आल्या तर स्टिक चांगली. मध्ये फट ऐकू आली तर स्विचची पट्टी किंचित वाकवायची, स्प्रिंग बदलायची, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून नवा दांडा आणायचा. ती फट डोळ्यांनी दिसत नाही, कानालाच कळते. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि या ज्ञानाचा मला आजही अभिमान आहे.

लाथांची भानगड वेगळी. जाम्मा नावाच्या ज्या ठरावीक जोडणीवर तेव्हाचे बोर्ड चालायचे, तिच्यात सहा बटणांची सोयच नव्हती. तीन ठोसे मुख्य जोडणीतून आणि तीन लाथा वेगळ्या वायरच्या गुच्छातून. स्वस्तात मशीन बसवणारे तो गुच्छ अर्धवटच जोडायचे. लाथ नसलेली चुन-ली मी किती ठिकाणी पाहिली! तसल्या मशिनींवरही पोरं तासन् तास खेळत.

‘स्ट्रीट फायटर २’ आला १९९१ मध्ये. निवडायला आठ जण, पुढे चार बॉस, ताकदीची पट्टी एकच आणि तीही कमी होत जाणारी. आमच्याकडे जे बोर्ड आले त्यातले कितीतरी नकली होते. त्यात उडी मारता मारता हवेतच बॉल सुटायचे आणि स्टार्टचं बटण दाबलं की चालू राउंडमध्ये खेळाडूच बदलायचा. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना तोच खरा खेळ वाटतो. मला तो कधी आवडला नाही. हवेत बॉल मारता येत असेल तर खाली उभं राहून अंतर सांभाळण्याला अर्थच राहत नाही. पण नकली बोर्डांच्या त्या वेगाने लोक असे वेडे झाले की खुद्द कॅपकॉमला १९९२ मध्ये वेगवान ‘टर्बो’ काढावा लागला.

‘स्ट्रीट फायटर ६’ आला २ जून २०२३ ला. माझी भाची तो खेळते. क्लासिक आणि मॉडर्न असे हात चालवायचे दोन मुख्य प्रकार त्यात आहेत. क्लासिकमध्ये आपली जुनी सहा बटणं आणि जुन्या चाली. मॉडर्नमध्ये एक खास बटण. पुढे धरून ते दाबलं की शोर्युकेन, नुसतं दाबलं की हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा बॉल. कोपरा नाही, तिरका नाही, मनगट नाही. अशा एका बटणावर सुटलेल्या पॉवरचा मार वीस टक्क्यांनी कमी धरतात आणि काही साधे ठोसे-लाथा मिळतच नाहीत, एवढीच काय ती किंमत. भाचीने मॉडर्न घेतलं. पहिल्याच संध्याकाळी माझी प्रत्येक उडी तिने शोर्युकेनने खाली पाडली. एकही सुटली नाही.

मला राग आला तो हरल्याचा नव्हता. जुन्या खेळात उडी म्हणजे समोरच्याच्या हाताला विचारलेला सवाल असायचा. तुझा कोपरा आज लागतोय का? दमलास का? मागे पोरं उभी आहेत म्हणून हात आखडलाय का? चांगला खेळाडू उडी मारायचा ती मार बसावा म्हणून नाही, तर समोरच्याचा हात कितपत पक्का आहे ते कळावं म्हणून. एकदा शोर्युकेन चुकला की पुढचा अख्खा राउंड त्याच्या मनात ती चूक असायची. चाल अवघड असणं हा खेळाचा भाग होता, वरून लावलेलं तोरण नव्हतं. मॉडर्नमध्ये तो सवालच संपला. उडी मारली की उत्तर ठरलेलं.

आणि मी? मला या सवालाचं उत्तर लोकांना ऐकवायला आवडायचं. मी मुद्दाम मागे मागे सरकायचो, कोपऱ्यात अडकल्यासारखं दाखवायचो, म्हणजे समोरचा उडी मारेल. मारली की खालून उचलायचा. मागच्या गर्दीतून जो आवाज निघायचा त्यासाठी मी कितीतरी जिंकलेले राउंड लांबवले. ‘याचा चुकत नाही’ असं कोणीतरी अनोळखी पोरगा शेजारच्याला सांगताना ऐकायला मिळालं की रात्री झोप छान लागायची. तो कोपरा मी दुरुस्त केलेला, त्यात जाणारा हातही माझा. एवढं सुख मला नोकरीत कधी मिळालं नाही.

मिरा रोडला ‘किंग ऑफ फायटर्स ९७’वाली मंडळी होती. सगळ्यांना इओरीच हवा. त्यांची चाल माझ्याहून लांब, पाव गोल पुढे, मग अर्धा गोल उलटा फिरवून मागे, त्यामुळे ते आम्हाला हलके समजायचे. त्यांच्या मनगटात घुमाव जबरदस्त होता, हे मी तेव्हाही मानलं. पण त्यांचा खेळ मला नेहमी घाईचा वाटला. तीन-तीन जणांची टोळी, धावत येऊन बिलगायचं, अंतराला किंमत शून्य. ‘टेकन ३’ आला तेव्हा तर बटणं बडवणाऱ्याचाही निभाव लागू लागला, आणि माझ्या मते पार्लरमधल्या शिस्तीला पहिला तडा तिथे गेला. आणि ‘मुस्तफा’? त्या डायनोसॉरवाल्या खेळाचं खरं नाव आमच्यात कोणी घेतलं नाही, त्यातल्या टोपीवाल्याच्या नावानेच तो चालला. तो सगळ्यांचा लाडका, माझाही. पण तिथे दोघं मिळून मशीनला हरवतात. एकमेकांविरुद्ध खेळताना शेजाऱ्याचा हात वाचणं वेगळं.

भाचीशी मी वाद घातला. ती म्हणाली, “मामा, तू अजून हाताचाच विचार करतोस. मी तू कुठे उभा आहेस ते बघते.” मग मी तिचा खेळ तिच्या मागे उभा राहून पाहिला, आणि ते खरं निघालं. तिची नजर आपल्या रियूवर नसतेच. समोरच्याच्या पायांवर असते. उडी निघते त्या जागेपासून एक पाऊल अलीकडे तो आला की तिचा अंगठा तयार होतो. मला हे कळायला पार्लरमधली वर्षं जावी लागली, कारण माझं अर्धं लक्ष कायम डाव्या हातात होतं. तिचं लक्ष पहिल्या दिवसापासून मोकळं आहे. हे मला फार लागलं.

त्यानंतर मी १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’बद्दल पुन्हा विचार करू लागलो. त्यात हाडोकेन आणि शोर्युकेन दोन्ही होते, चालीही त्याच. पण त्या लागत नसत. यंत्र इतकं कडक मोजायचं की एक हाडोकेन सुटणं म्हणजे नशीब, आणि सुटला तर समोरच्याची मोठी पट्टी एका फटक्यात उडायची. दुसऱ्या भागात कॅपकॉमने वेळ सैल केली आणि मार कमी केला. म्हणजे आम्ही ज्याला अस्सल कस म्हणून मिरवत होतो तो आधीच एकदा सैल केलेला होता. चौथ्या भागाने, २००८ मध्ये, आणखी सूट दिली: दोनदा तिरका दाबला तरी शोर्युकेन. प्रत्येक पिढीला आपल्या वाट्याचा सैलपणा हीच मर्यादा वाटते. हे मला पटतं, पण पचत नाही.

कारण सूट फुकट येत नाही. क्लासिकवर पुढे चालत जाऊन लगेच हाडोकेन मारायला जा. चालण्यातलं ‘पुढे’ आणि हाडोकेनचं ‘खाली, तिरका, पुढे’ एकत्र जोडून यंत्र समजतं की तुम्हाला शोर्युकेनच हवा होता. रियू हवेत उडतो, समोरचा आरामात वाट पाहून खाली उतरल्यावर मारतो. जुन्या मशीनवर मला हा त्रास कधी जाणवला नाही. आता चालण्याआधी स्टिक क्षणभर मधोमध सोडायला शिकतोय. एवढ्या वयात चालायला शिकणं जड जातं.

वयाचं म्हणाल तर २८ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं. वय ४४. अंतिम सामना ४-३ असा अटीतटीचा. पाचव्या भागात मॉडर्न नव्हतं, सगळ्या चाली हातानेच मारायच्या होत्या. त्याच स्पर्धेत भारताकडून अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती उतरले होते. आपल्या देशाच्या जर्सीत कोणी हा खेळ खेळेल असं पार्लरच्या मालकाला सांगितलं असतं तर त्याने मला हाकललं असतं. किम यांचा तो सामना मी पुन्हा पुन्हा पाहिला, आणि फक्त त्यांच्या हातांकडे पाहिलं.

मी क्लासिकच खेळणार. जिंकायचं असेल तर मॉडर्न घ्यावं हे भाचीने मला पटवलंय, तरीही. तिला मात्र क्लासिक शिकवायचा हट्ट मी सोडला. एक अट घातली: एकदा तरी खऱ्या मशीनवर, खऱ्या स्टिकवर, त्या दोन टिकटिक ऐकून शोर्युकेन मारायचा. ती कबूल झाली. आता अडलंय ते मशीनपाशी. जुने खेळ आज घरच्या पडद्यावर हवे तितके मिळतात, चित्र तेच, आवाज तोच. पण कोपरा मिळत नाही. मी ज्या पार्लरांत कामं केली तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत, एका जागी फरसाण विकतात.

मिरा रोड-भाईंदरमध्ये कोणाच्या पोटमाळ्यावर, दुकानाच्या मागे किंवा गाळ्यात जुनं मशीन पडलं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी बोर्ड बाहेर काढून पाहा. १९९३ पासूनचे कॅपकॉमचे सीपीएस-२ बोर्ड नकलेपासून वाचावेत म्हणून त्यांतला खेळ उलगडणारी किल्ली एका छोट्या बॅटरीच्या आधारावर ठेवलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड नुसता रंगीत पडदा दाखवतो. आमच्याकडच्या नकली बोर्डांना ही बॅटरी नव्हती, म्हणून त्यातले काही आजही चालतात. अस्सल बोर्ड मेले असं समजून लोकांनी टाकून दिले. आता त्यात किल्ली पुन्हा भरण्याची रीत सापडलेली आहे, तेव्हा टाकू नका. आणि स्टिक फेकू तर मुळीच नका. तिरका लागत नसेल तर पट्टी वाकवून पाहा.