एक दस्ता, दोन नळ्या

जर्मनीत शिकारीचा परवाना नव्याने हाती आलेला माणूस बंदुकीच्या दुकानात गेला की लवकरच नळी बदलता येणाऱ्या रायफलीपाशी येऊन थांबतो. दुकानदाराचं बोलणं ठरलेलं असतं: आज एक रायफल घ्या, पुढे लागेल तशी वेगळ्या कॅलिबरची नळी घ्या, चार रायफलींचे पैसे वाचतील. अशी रायफल घ्यावी, असंच माझंही मत आहे. फक्त पैसे वाचतात हे कारण खोटं आहे, आणि त्या कारणासाठी ती घेणारा पुढे पस्तावतो. तिचं खरं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. ते कुठे आहे हे कळलं की किती नळ्या घ्याव्यात आणि कोणी ही रायफल मुळीच घेऊ नये, याचीही उत्तरं मिळतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सगळा विषय दूरचा वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार संपवली, आणि ते योग्यच झालं. जर्मनीत मात्र शिकार हे जंगलाच्या आणि शेतीच्या व्यवस्थेतलं एक काम आहे. रो जातीची लहान हरणं नव्या रोपांचे कोंब खातात, आणि ती वर्षाला दहा लाखांहून जास्त मारली जातात. रानडुकरं मक्याची शेतं उलथीपालथी करतात, आणि त्याची भरपाई बहुतेक ठिकाणी त्या टापूतल्या शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने घेतलेल्याच्या माथी येते. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रांडेनबुर्ग राज्यात रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला, तेव्हापासून डुकरांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा आग्रह आणखी वाढला. काम वर्षभराचं असल्यामुळे तिथे रायफलीकडे हत्यार म्हणजे अवजार याच नजरेने बघावं लागतं.

एकाच अवजारावर भागत नाही, कारण कामं वेगळी आहेत. जर्मनीच्या शिकार कायद्याने हा फरक आकड्यांत बांधला आहे. रो हरणासाठी गोळीत शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल ऊर्जा हवी. लाल हरीण, रानडुक्कर आणि खुरांच्या बाकी मोठ्या जनावरांसाठी कॅलिबर किमान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरवर किमान २००० ज्यूल. म्हणजे .२२३ रेमिंग्टन हे काडतूस रो हरणाला चालतं, डुकराला नाही. पण कायदा फक्त खालची मर्यादा सांगतो. संध्याकाळी मचाणावर बसून वीसेक किलोच्या उभ्या हरणावर नेम धरणं आणि हिवाळ्यातल्या हाक्यात तीस-चाळीस मीटरवरून धावत सुटलेल्या भल्यामोठ्या डुकरावर बार टाकणं, यांत गोळीइतकाच नळीच्या लांबीचा, वजनाचा आणि दुर्बिणीचाही फरक आहे. पहिल्या कामाला मावळत्या उजेडात दिसणारी, मोठ्या काचेची दुर्बीण लागते. दुसऱ्याला आखूड नळी आणि कमी शक्तीची, रुंद दृश्य दाखवणारी दुर्बीण.

आता यंत्राकडे येऊ. नेहमीच्या रायफलीत नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो त्या सांगाड्यात, आटे पाडून घट्ट बसवलेली असते. ती बदलायची तर कारागीर लागतो, कारण नळीत काडतूस जिथे टेकतं ती जागा आणि बोल्टचं तोंड यांतलं अंतर, म्हणजे हेडस्पेस, गेज लावून तपासावं लागतं. इस्नी गावच्या ब्लाझर कंपनीने १९९३ मध्ये आर ९३ आणि २००८ मध्ये आर ८ ही रायफल आणली. आर ८ मध्ये बोल्टचं डोकं थेट नळीतच अडकतं. बार उडतो तेव्हा .३०८ विंचेस्टरच्या बाबतीत ४१५० बारपर्यंतचा दाब मान्य आहे. तो सगळा नळी आणि बोल्ट यांच्यातच झेलला जातो, दस्त्यावर येत नाही. हेडस्पेस कारखान्यातच त्या नळीपुरता ठरलेला असतो. म्हणून मालकाला घरी एवढंच करायचं असतं: चाप आणि मॅगझिनचा एकत्र भाग काढायचा, दस्त्याच्या खालून पान्याने दोन स्क्रू सैल करायचे, नळी वर उचलायची, दुसरी ठेवायची, स्क्रू आवळायचे. स्क्रू दस्त्यातच अडकून राहतात, हरवत नाहीत. बोल्टचं डोकं बदलायचं की नाही हे काडतुसाच्या बुडावर ठरतं. .३०८ आणि ९.३×६२ या दोहोंचं बूड साधारण १२ मिलिमीटर, म्हणून डोकं तेच चालतं. .२२३ चं साडेनऊच्या आसपास, त्याला लहान डोकं लागतं. प्रत्येक नळीची दाबाची चाचणी स्वतंत्र होते आणि तिच्यावर प्रूफ हाउसचा शिक्का उमटतो. कायदाही नळीला शस्त्राचा मुख्य भाग मानतो, त्यामुळे तिची नोंद शस्त्रपत्रावर होते आणि ती बंदुकीइतक्याच बंदोबस्तात तिजोरीत ठेवावी लागते.

पहिला आक्षेप नेमाचा. काढून परत बसवलेली नळी त्याच जागी मारेल यावर जुन्या लोकांचा विश्वास बसत नाही, आणि शंका रास्त आहे. दुर्बिणीच्या दोन पकडींमध्ये १०० मिलिमीटर अंतर धरलं आणि एक पकड दुसरीच्या मानाने ०.०२ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही कमी सरकली, तर शंभर मीटरवर गोळी दोन सेंटीमीटर सरकते. पण या हिशेबातच उत्तर आहे. नेम म्हणजे नळी आणि दुर्बीण यांच्यातलं नातं. दुर्बीण रिसीव्हरवर असेल तर नळी काढताच ते तुटतं. आर ८ मध्ये दुर्बीण नळीवरच बसते, म्हणून नळी दुर्बिणीसकट उचलली जाते आणि नातं जसंच्या तसं राहतं. दस्त्यात नळी किंचित इकडेतिकडे बसली तरी दोघंही बरोबरच सरकतात. स्क्रू दर वेळी सारखेच आवळले पाहिजेत, एवढं पथ्य उरतं. एकच दुर्बीण दोन नळ्यांवर आलटून पालटून लावणाऱ्याने मात्र ही खात्री मागू नये. दोन नळ्यांचे नेम वेगळे असतात आणि दुर्बीण एका वेळी एकाच नेमावर लावलेली असते.

इथेच पैशाचा हिशेब कोसळतो. नळीची किंमत हजार युरोच्या वर जाते, तिच्यासाठी वेगळी दुर्बीण आणि पकड घ्यायची तर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. तेवढ्यात एक साधी पण पुरेशी अचूक नवी रायफल दुर्बिणीसकट घरी येते. मग दोन वेगळ्या रायफलीच का नकोत? या प्रश्नाला माझं उत्तर हात हे आहे. मचाणावरच्या अंधुक उजेडात किंवा हाक्याच्या दोन-तीन सेकंदांत माणूस रायफलीकडे बघत नाही, हात आपोआप चालतात. जुन्या माउझर ९८ वर सेफ्टीचं पंख डावीकडे फिरवलं की ती बारासाठी तयार होते. दुसऱ्या एखाद्या रायफलीवर बटण पुढे सरकवावं लागतं. आर ८ वर नेहमीची सेफ्टीच नाही. बार टाकण्याच्या अगदी आधी अंगठ्याने कळ पुढे ढकलून स्प्रिंग ताणायची, आणि संधी हुकली की ती परत सैल सोडायची. चाप साधारण ७५० ग्रॅमच्या दाबाला सुटतो. दस्त्याची लांबी, गालाचा टेकू, बोल्टची ओढ, चाप, कळ यांतली कुठलीही गोष्ट नळीबरोबर बदलत नाही. जनावर, अंतर आणि कायदा यांच्यापायी जे बदलावं लागतं तेवढंच बदलतं, आणि हाताला जे एकदा शिकवलं ते कायम राहतं. हातमोजे घातलेल्या, थंडीने आखडलेल्या अंगठ्याला दोन सवयींतून निवड करावी लागत नाही. जखमी जनावर आणि चुकून सुटलेला बार या शिकारीतल्या दोन सर्वांत वाईट गोष्टी, आणि दोन्ही टाळायला कॅलिबरपेक्षा ही सवय जास्त उपयोगी पडते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की सवयच हवी तर एकच रायफल आणि एकच कॅलिबर घ्या. .३०-०६ किंवा .३०८ ने रो हरीण आणि डुक्कर दोन्ही कायदेशीर आणि नीट मारता येतात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि जो फक्त मचाणावरून शिकार करतो त्याने दुसऱ्या नळीच्या फंदात पडू नये. दुसरी नळी तेव्हाच योग्य, जेव्हा काम वेगळं असतं: वर्षातले बरेच दिवस मचाण आणि हिवाळ्यात नियमित हाका, किंवा आल्प्समध्ये दरीपलीकडची शामवा, म्हणजे डोंगरी रानबकरी, आणि खाली जंगलात डुक्कर. अशा वेळी हाक्याची आखूड नळी ९.३×६२ ची असेल तर जड गोळीचा फायदा आहेच. पण तीच नळी .३०८ मध्ये घेतली तरी निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो, कारण तो लांबीचा आणि दुर्बिणीचा असतो. कॅलिबर बदलण्याची सोय म्हणून विकली जाणारी ही वस्तू प्रत्यक्षात काम बदलण्याची सोय आहे.

एक गंभीर धोका काडतुसांचाही आहे. एकाच दस्त्यावर दोन नळ्या म्हणजे एकाच घरात, एकाच खिशात दोन तऱ्हेची काडतुसं येण्याची शक्यता. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या नळीत शिरू शकतं, आणि तसं झाल्यावर जाड गोळी अरुंद नळीत ठासून रायफल फुटल्याची उदाहरणं जगजाहीर आहेत. अशी जोडी कधीच घेऊ नये. बाकीच्या जोड्यांसाठी नियम सोपा आहे: जी नळी दस्त्यावर नाही तिची काडतुसंही तिजोरीबाहेर येता कामा नयेत. त्यामुळेच नळी बदलायची ती घरी टेबलावर, स्वच्छ हातांनी, आणि जमेल तेव्हा रेंजवर एक गोळी झाडून खात्री करून. रानात गाडीच्या बॉनेटवर बदलू नये. शिकाऱ्यांची जुनी जर्मन सोय तीननळी बंदुकीची होती. छऱ्यांच्या दोन नळ्या आणि रायफलीची एक, तिन्ही कायम बरोबर. समोर काय येईल हे ठाऊक नसलेल्यासाठी ती होती. नळी बदलणारी रायफल उलट मागणी करते: आज कशासाठी जातो आहोत हे निघण्याआधी ठरवा. ही मागणी काहींना अडचण वाटते. मला ती शिस्त वाटते, कारण ठरवून निघालेला माणूस समोर दिसेल त्यावर बंदूक उचलत नाही.

उरतो प्रश्न संख्येचा. माझ्या मते दोन, आणि तीन ही शेवटची मर्यादा. हाताची सवय नळ्यांत वाटली जात नाही, पण प्रत्येक नळीची ओळख स्वतंत्रच करून घ्यावी लागते: तिची गोळी कुठे पडते, थंड नळीचा पहिला बार कसा जातो, कोणत्या काडतुसाला ती गोळ्यांचा घट्ट जमाव देते. रेंजवर जाण्याचा वेळ आणि काडतुसांचा खर्च सगळ्यांना मोजकाच असतो. तो पाच नळ्यांत वाटला तर पाचही अर्धवट ओळखीच्या राहतात, आणि ज्या फायद्यासाठी ही रायफल घेतली तो हातचा जातो. त्यामुळे दुकानात शिरण्याआधी वर्षभरात आपण कोणत्या दोन तऱ्हेची शिकार करतो हे लिहून काढावं. दुसरी ओळ सुचत नसेल तर साधी .३०८ घ्यावी आणि वाचलेल्या पैशांची काडतुसं.