गजबजाटातले श्रवण

यंत्रमागांच्या भिवंडीत धोट्यांची खडखड गल्लोगल्ली चालू असते. तरीही कसलेला कारागीर मागाच्या किंचित बदललेल्या आवाजावरून बिघाड ओळखतो, यावरून बारकाईने ऐकणे हे शांततेपेक्षा अवधानावर अधिक अवलंबून असते, हे ध्यानात येते. हेच अवधान संगीतश्रवणात पुन्हा जागवायचे, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंनी जवळच्या मुंबईत रुजवलेल्या भेंडीबाजार घराण्याची गायकी त्यासाठी फार उपयोगी पडते. या घराण्याने जोपासलेल्या खंडमेरू पद्धतीत, म्हणजे मोजक्या स्वरांचा क्रम पालटून नवनवे स्वरसमूह रचण्याच्या रीतीत, चार स्वरांतून २४ आणि सात स्वरांतून ५०४० मांडण्या संभवतात, आणि त्यांतून रागाला मानवतील त्याच गायक निवडतो. उदाहरणार्थ, हंसध्वनी रागात मध्यम आणि धैवत वर्ज्य, म्हणजे वगळलेले, असतात. उरलेल्या पाच स्वरांतला गंधार कधी रिषभावरून चढत येतो, तर कधी पंचमावरून उतरत येतो, आणि प्रत्येक वेळी त्याची छटा निराळी भासते. ती छटा टिपण्यासाठी शास्त्राचे पांडित्य लागत नाही. हातातले काम बाजूला ठेवून, तीच बंदिश पुन्हा पुन्हा ऐकण्याची तयारी असली, की हा निखळ आनंद कोणत्याही श्रोत्याला लाभू शकतो.