वऱ्हाळ्याकाठचा शुक्रवार

भिवंडी आधी कानांनी पाहावी! यंत्रमागांच्या गल्लीत शिरलात, की धोट्यांची खडखड रात्रंदिवस चालू. शेजारच्याशी बोलायचे तरी ओरडूनच.

आमच्या मावशीचे बिऱ्हाड अशाच एका गल्लीत होते. तिची मनी त्या गदारोळात खुशाल झोपे; पण वीज जाऊन माग थांबले, की दचकून उठे. काकाही उठत. मजुरी विणलेल्या कापडावर. माग थांबला, की तीही थांबली.

मागांना सुटी शुक्रवारी. मग काका आम्हां पोरांना वऱ्हाळा तलावावर नेत. भिवंडीच्या काही भागाला पाणी पुरवणारा हा तलाव. वऱ्हाळदेवीचे दर्शन झाले, की आम्ही काठावर बसून पाणकावळे पाहायचो. बुडी मारताना त्यांची पिसे भिजतात, म्हणून ते पंख पसरून उन्हात वाळवत बसतात.

"त्यांना रोज सुटी, आम्हांला आठवड्याने!" काका हसून म्हणत.

अलीकडे कित्येक माग भंगारात गेले आणि गावाभोवती गोदामे उभी राहिली. काही गल्ल्या आता शांत आहेत. नव्या पाहुण्याला बरे वाटते. मी मात्र तिथे मनीसारखाच दचकतो.